पर्समधली निळी वायर

आधीच सांगते, मी नर्स होते. आंबेगाव तालुक्यात, डिंभे धरणाच्या मागच्या अंगाला एका उपकेंद्रात माझी सव्वीस वर्षं गेली. अंगारा लावून आणलेल्या पोरांना सलाईन लावलंय, "बाहेरचं झालंय" म्हणून आणलेल्या बायकांचं हिमोग्लोबिन काढून त्यांच्या नवऱ्यांना झापलंय. इथले तुमचे भुताखेतांचे अनुभव वाचतानाही माझं निम्मं लक्ष या माणसाला नेमकं काय झालं असेल यातच असतं... रागवू नका. आता माझ्यावरच लिहायची वेळ आलीय. माझ्या गोष्टीत भूतबित नाही. जिच्याबद्दल लिहितेय ती बाई धडधाकट आहे, समोरच्या घरात राहते आणि एक दिवसाआड माझ्याकडून विरजण नेते.

गाव बोरी बुद्रुक, तालुका जुन्नर. एकाच अंगणात दोन घरं. एकात मी आणि आमचे हे, दुसऱ्यात माझी थोरली जाऊ, अक्का. दीर गेल्यापासून त्या एकट्याच असतात. त्यांना मूल झालं नाही. मला एकच मुलगा, तुषार. तो तीन वर्षांपासून जर्मनीत नोकरीला आहे.

तुषारच्या आधी मला मुलगी झाली होती, ती नवव्या दिवशी गेली. म्हणून तुषार झाला तेव्हा सासूबाईंनी त्याला अक्कांच्या ओटीत घातलं. आमच्याकडे अशी पद्धत आहे - आधीचं मूल जगलं नसेल तर पुढचं दुसरीच्या ओटीत घालायचं, म्हणजे ते तिचं झालं. मग पाच वर्षांचं झालं की आईनं तिच्या ओटीत सव्वा शेर तांदूळ मापून घालायचे आणि "माझं लेकरू मला दे" म्हणून परत घ्यायचं. तुषारला पाच वर्षं झाली त्या आठवड्यात माझी पोलिओची ड्यूटी होती. मी सासूबाईंना म्हटलं, स्वतःचं पोरगं काय तांदूळ देऊन विकत घेऊ? मला हसूच आलं होतं. त्या पुढच्या वर्षी वारल्या आणि ते राहून गेलं ते गेलंच.

सोमवार ते शनिवार मी तिकडे क्वार्टरमध्ये, पोरगं इकडे अक्कांजवळ. दात पडला तो अक्कांनी कौलावर टाकला, सायकलवरून पडला तेव्हा हळद अक्कांनी भरली. तो त्यांना "मोठी आई" म्हणतो. मला नुसती आई. खोटं कशाला बोलू... मी जळायचे. पगार माझा, शाळेची फी माझी, आणि रविवारी मी घरी आले की पोरगं अक्कांच्या पदराआडून माझ्याकडे पाहायचं, एखादी पाहुणी आल्यासारखं. अक्का काही वाईट वागल्या असत्या तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. पण ती बाई कधी वावगं बोललीच नाही. मला त्याचाच जास्त राग यायचा.

आता कॉम्प्युटरचं. तुषारच्या इंजिनिअरिंगच्या वेळचा आहे, पुढच्या खोलीत टेबलावर. मागच्या भिंतीवर फायबरचा पांढरा डबा, म्हणजे राऊटर, आणि तिथून भिंतीकडेनं कॉम्प्युटरपर्यंत आलेली निळी वायर. दर रविवारी दुपारी चारला तुषार त्यावर व्हिडिओ कॉल करतो. अक्कांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, मोबाईलवर त्यांना चेहरा ओळखू येत नाही. म्हणून मोठा स्क्रीन. एरवी तुषार मला मोबाईलवर फोन करायचा तो दोन मिनिटांचा - हो, जेवलो, बरा आहे, ठेवतो. रविवारी मात्र तासभर हसणं-खिदळणं चालायचं. आणि स्क्रीनवर आला की त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं, "मोठी आई कुठंय?"

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी मी सकाळपासून त्याच्या आवडीची पुरणाचे मांडे करत होते, त्याला नुसते दाखवायला. कॉल लागला, मी ताट कॅमेऱ्यापुढे धरलं. तो म्हणाला, "वा. मोठी आई कुठंय?" त्या दिवशी माझ्या डोक्यात काहीतरी सटकलं.

पुढच्या रविवारी साडेतीनला मी निळी वायर डब्यातून काढून ठेवली. अक्का धुतलेलं लुगडं नेसून आल्या, स्टुलावर बसल्या. मी म्हटलं, "अक्का, नेट गेलंय." त्या थोडा वेळ काळ्या स्क्रीनकडे बघत बसल्या, मग म्हणाल्या, "येतंय, जातंय, त्याचं काय," आणि गेल्या. त्या गेल्यावर मी वायर लावली आणि मुलाशी एकटी बोलले. मोठी आई कुठंय? शेतात गेलीय रे. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा तेच. दोन्ही वेळा कॉल दहा मिनिटांत संपला. काय बोलायचं ते आम्हा दोघांनाही सुचत नव्हतं. तो जरा उतरलेला दिसला, तर मी विचारलं, ताप आहे का? तो नाही म्हणाला.

तिसऱ्या रविवारी आम्हाला दोघांना घोडेगावला लग्नाला जायचं होतं. "आज दोघंही नाही, पुढच्या रविवारी बोलू," असा मेसेज मी तुषारला सकाळीच टाकला. घराची एक किल्ली अक्कांकडे असते, मांजराला दूध ठेवायला. मी कॉम्प्युटर बंद केला, भिंतीवरचं बटण बंद केलं, आणि तरीही मन राहीना म्हणून ती निळी वायर गुंडाळून पर्समध्ये टाकली. अक्कांना माऊससुद्धा धरता येत नाही हे मला पक्कं माहीत होतं, तरी. घोडेगावच्या मंगल कार्यालयात सगळ्या बायका दागिने सांभाळत होत्या आणि मी वायर सांभाळत होते. आज लिहिताना लाज वाटते.

संध्याकाळी घरी येऊन आधी वायर लावली. नेट येईना. स्क्रीनच्या कोपऱ्यात पृथ्वीच्या गोलाचं चिन्ह आणि त्यावर फुली. मोबाईलवर मात्र वायफाय व्यवस्थित होतं, म्हणजे नेट घरात होतं, फक्त कॉम्प्युटरला मिळत नव्हतं. डबा बंद करून तीसपर्यंत आकडे मोजून चालू केला. वायर दुसऱ्या भोकात घालून पाहिली. कॉम्प्युटर तीनदा बंद-चालू केला. यांनी नेहमीप्रमाणे गच्चीवर जाऊन खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या पांढऱ्या तबकड्यांकडे पाहिलं आणि निदान केलं, "दुर्बिणीनं कायतरी केलंय."

सोमवारी सकाळी तुषारचा मेसेज आला. "काल मोठ्या आईशी बोलून फार बरं वाटलं. तू घरी नसताना तिनं एकटीनं लावला की काय? 😀" सोबत एक फोटो, त्यानं कॉल चालू असताना स्क्रीनवरूनच काढलेला.

आमचीच खोली होती. स्टुलावर अक्का, डोक्यावर पदर, मांडीवर मांजर. मागे आमचं दुधाच्या खुणा केलेलं कॅलेंडर, आणि त्याला मी रविवारी सकाळीच अडकवलेली लग्नाची पत्रिका. अक्कांच्या खांद्याच्या वर राऊटर दिसत होता. त्याच्या खालचं वायरीचं भोक रिकामं होतं.

मी फोटो बोटांनी मोठा करकरून पाहिला. मग अंगण ओलांडून गेले. अक्का शेंगा फोडत बसल्या होत्या.

"अक्का, काल तुषारशी बोललात?"

"बोलले की. लई येळ. तुला सांगायचंच व्हतं मला." त्यांनी सूप बाजूला सारलं. "मांजरीला दूध ठिवाया गेले, तर टीवी चालूच, आन त्यो आत बसल्याला. मंग मी बी बसले. नंदा, दोन रविवार नेट नव्हतं, मला लई चुकल्यावानी झालं व्हतं बघ. म्हणलं, बया लग्नाच्या गडबडीत बी माझ्यासाठी लावून गेली."

मी विचारलं, "काय म्हणत होता?"

"ते त्यानं तुला सांगायचं. मी न्हाई सांगणार," अक्का म्हणाल्या. "पर आजच इचार."

मी तिथूनच तुषारला फोन लावला. आधी टाळाटाळ केली त्यानं, मग सांगितलं. दोन महिन्यांपूर्वी त्याची नोकरी गेली होती. खोलीबाहेर पडत नव्हता, जेवत नव्हता, कोणाशी बोलत नव्हता. दोन रविवार सांगायचं ठरवून बसला, पण त्याला ते मला सांगता आलं नाही. "मोठी आई शेजारी असली की जमतं गं. तू एकटी असलीस की लगेच ताप मोजायला लागतेस." मग म्हणाला, "काल कोणीच दिसलं नसतं तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही, आई."

सव्वीस वर्षं मी माणसांचे चेहरे पाहून आजार ओळखले. पोटच्या पोराचा चेहरा दोन रविवार समोर होता. मी पाहिला नाही, कारण मी त्याला अक्कांपासून सोडवून घेण्यात गुंतले होते.

मंगळवारी नारायणगावहून नेट दुरुस्तीवाला आला. त्यानं आमचीच निळी वायर स्वतःच्या लॅपटॉपला लावली, लगेच चाललं. कॉम्प्युटरला लावली, फुली. नवी वायर, फुली. आतलं कार्ड बदललं, तरी फुली. दुर्बिणीचा मुद्दा यांनी मांडलाच, तेव्हा तो हसला, "काका, ती आभाळातलं ऐकते, तिला तुमच्या घरातलं काय पडलंय." मी त्याला विचारलं, वायर नसताना हा कॉम्प्युटर चालू शकतो का? म्हणाला, "मॅडम, यात वायफाय नाहीच. वायर काढली की संपलं." मी त्याला फोटो दाखवला नाही. शेवटी तो हात टेकून गेला.

रविवार उजाडला. पटत नव्हतं, तरी मी तांदळाच्या डब्यातून सव्वा शेर तांदूळ मापून पिशवीत घेतले आणि अक्कांकडे गेले. मी काय विचार करत होते ते सांगते. पोरगं अजून त्यांच्या ओटीत आहे, ते रीतसर परत घ्यायचं आणि हा गोंधळ संपवायचा. तेव्हासुद्धा माझ्या मनात हेच होतं.

पिशवी पाहून अक्कांना काही विचारावं लागलं नाही. त्यांनी पदर पसरला.

"कवाधरनं वाट बघत व्हते," त्या म्हणाल्या. "तू आली न्हाईस, आन मी बी याद दिली न्हाई. म्हणलं, ऱ्हाऊ दे अजून थोडं दिस. माजंच चुकलं, बाई."

पंचवीस वर्षं त्याही मनातून धरूनच बसल्या होत्या तर. मला वाटलं होतं ही जळण फक्त माझ्याच वाट्याला आलीय. मी तांदूळ घालायला लागले. साधारण निम्मे पडले आणि माझा हात थांबला. "माझं लेकरू मला दे" हे शब्द काही तोंडातून फुटेनात. मी पिशवीचं तोंड गुंडाळलं आणि म्हटलं, "अक्का, निम्मे राहू देत माझ्याकडे. चला, चार वाजतील."

त्या स्टुलावर बसल्या, मी खुर्चीवर. कॉम्प्युटर लावला. फुली नव्हती. तुषार आला, दाढी केलेला, आणि म्हणाला, "मोठी आई कुठंय?" कारण अक्का जरा कडेला बसल्या होत्या. मी स्टूल ओढून मध्ये घेतलं. टोचलं का? टोचलं. अजूनही टोचतं. पण त्या दिवसापासून नेट एकदाही गेलेलं नाही. तुषारलाही नंतर दुसरी नोकरी लागली.

तुमच्यातल्या कॉम्प्युटरवाल्यांनी काही कारण असेल तर जरूर सांगा. मी त्या दुरुस्तीवाल्याला विचारलं, तुषारला विचारलं. तुषारला तर वायरीचंही सगळं सांगितलं. यांच्या मते अजूनही दुर्बीणच.

खरं कारण ठाऊक आहे असं म्हणणारं माणूस आमच्या आळीत एकच आहे. विरजण न्यायला येतात, दळणाला जातात, हळदीकुंकवाला बसतात, तिथे अक्का प्रत्येकीला हेच सांगतात, "आमची नंदा लई मायेची. लग्नाला जाताना माझ्यासाठी कंप्युटर लावून गेली व्हती." बायका माझ्याकडे कौतुकानं बघतात. मी मान खाली घालते. ते कारण खरं नाही, हे आळीत फक्त मला माहीत आहे, आणि अक्कांना सांगायचा धीर मला अजून झालेला नाही.