टॅकेटचा लाल दिवा

ऑर्विल टॅकेटच्या शेजारी बसून जहाजावर कुणी जेवायचं नाही. केंटकीच्या कोळशाच्या खाणीतला गडी, तोंड कायम काडेचिराईत प्याल्यागत. अठरा वर्षं त्यानं विमानवाहू जहाजांच्या डेकवर काढली. काम एकच. उतरणाऱ्या विमानाचा लोखंडी आकडा डेकवरच्या ज्या चार तारांत अडकतो, त्यांचा ताण विमानाच्या वजनाप्रमाणं लावून घ्यायचा. तो फोनवर वजन पौंडांत ओरडायचा, खाली त्या तारांच्या चार यंत्रांवरच्या चौघांनी तेच उलट ओरडायचं. चारी आवाज जुळेपर्यंत त्याच्या हातातला, उतरायची परवानगी देणारा दिवा लाल.

मी त्याच्या हाताखालचा. नॉर्वेच्या वर, फेब्रुवारीत, वारा असा सुटला की डेकचं शेपूट दोन-दोन मजले वरखाली होत होतं. हलकी विमानं कशीबशी उतरली. राहिलं लेफ्टनंट हॅल्डेनचं जड धूड. त्याच्यात तेल दोन फेऱ्यांपुरतं, आणि खालच्या पाण्यात माणूस दहा मिनिटांत गार.

"पन्नास हजार," टॅकेट ओरडला.

तिघांनी पन्नास म्हटलं. तीन नंबरवरचा बझ्डेक म्हणाला, "वीस." हलक्या विमानांसाठी मघापासून तेच घोकत होता.

"पुन्हा सांग, मुडद्या."

फोनमध्ये नुसती खरखर. विमान जहाजाच्या शेपटामागं आलं.

उतरवणारा अधिकारी गरजला, "टॅकेट, हिरवा कर. हुकूम आहे माझा."

"तारेला हुकूम वाचता येत नाही, साहेब."

दिवा लालच. हॅल्डेन आमच्या डोक्यावरनं गर्जत निघून गेला.

"चीफ, आता एकच फेरी उरली त्याची," मी म्हणालो.

"मला मोजता येतं. तू खाली पळ."

शिडीवरनं घसरतच गेलो. तीन नंबरचा काटा विसावर. बझ्डेक बादलीत ओकत बसलेला. त्याला बाजूला ढकलून काटा पन्नासवर नेला आणि फोनवर बोंबललो. वर आलो तवर दिवा हिरवा झाला होता. डेक वर उसळला, विमान आदळलं, तार खेचली, टोकाशी येऊन थांबलं.

हॅल्डेन उतरला तो थेट टॅकेटच्या गचांडीला. "मला बुडवायला निघालास, खाणीतल्या उंदरा?"

"कितवी तार धरलीत?"

"तिसरी."

"मघाशी ती विसावर होती, ढिली. तुम्हाला घेऊनच समुद्रात गेली असती. सोडा आता, डेक आवरायचाय."

हॅल्डेननं हात काढला. माफी मागितली नाही. टॅकेटनं ती घेतलीही नसती. पण बझ्डेकला मात्र त्यानं महिनाभर, ताट हातात घेण्याआधी, सगळ्यांदेखत चारदा "पन्नास हजार" म्हणायला लावलं. एकदा चुकला, त्या दिवशी उपाशी ठेवला.