साळूबाईंच्या आधी कोण येतं?

आमच्या शाळेतल्या साळूबाईंना 'कशा आहात मावशी?' असं विचारलं, तर त्या कधी 'बरी आहे' म्हणत नाहीत. 'का? काय काम काढलं?' असं उलट विचारतात. कोणी वाढदिवसाचा पेढा हातावर ठेवला तर आधी 'कशाबद्दल?', मग पेढा. एकदा मी त्यांना माझी जवळजवळ कोरी साडी दिली. चार दिवसांनी ती परत घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "टीचर, हिच्यात खोट काय हाय ते सांगा, म्हंजे मी नेसते." खोट काही नव्हती. मला तो रंग शोभत नव्हता, एवढंच. पण हे त्यांना पटवता पटवता मला घाम फुटला.

मी मनाली, चौथीची वर्गशिक्षिका. नाशकात त्र्यंबक रोडच्या आतल्या बाजूला आमची ही सिस्टरांची प्राथमिक शाळा, मराठी माध्यमाची. मी इथे अकरा वर्षं आहे आणि साळूबाई एकोणीस. माझाही स्वभाव काही साखरेत घोळलेला नाही. मला राग पटकन येतो आणि हसूही पटकन येतं. त्या हसण्यानेच सगळा घोळ केला, ते पुढे सांगते.

साळूबाई मूळच्या सिन्नरकडच्या. नवरा गेल्यावर अंबडला एका कंपनीच्या कँटीनमध्ये भांडी घासायला लागल्या. सात वर्षं घासली. एक दिवस सुपरवायझरने एक तरणीताठी बाई आणून उभी केली आणि सांगितलं, ही तुमच्या मदतीला. साळूबाई खूश. तिला कुठे काय ठेवायचं, कोणत्या साहेबाला किती साखर लागते, सगळं शिकवलं. पंधरा दिवस त्या बाईने हातातली बादली काढून घेतली, 'राहू द्या मावशी, मी करते' म्हणाली. सोळाव्या दिवशी सुपरवायझर म्हणाला, उद्यापासून तुम्ही येऊ नका. ही हकिगत मी दहा वेळा तरी ऐकली असेन, आणि दर वेळी शेवट एकच: "मदतीला आली आन् जागेवर बसली." दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. साळूबाई पाणीसुद्धा फुंकून प्यायच्या.

आमच्याकडे आल्यावर तेव्हाच्या मोठ्या सिस्टरांनी त्यांना आकडे आणि अक्षरं शिकवली. पस्तिशी ओलांडलेली बाई पाटी घेऊन जिन्यात बसायची. तेव्हापासून रोज सकाळी आठही वर्गांचे फळे पुसून कोपऱ्यात वार आणि सालासकट तारीख घालायची, हे काम त्यांनी स्वतःहून अंगावर घेतलं. कोणी सांगितलं नव्हतं. झाडू, पोछा, पाणी ही नोकरी. तारीख हा त्यांचा मान. त्यांच्या पाचाची शेपटी लांबच लांब असायची. मी एकदा घाईत माझ्या वर्गात तारीख लिहिली तर दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

आता त्या खेळाबद्दल. नाताळच्या आधीच्या आगमनकाळात आम्ही शाळेत 'देवदूत' खेळतो. सगळ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या एका टोपलीत. ज्याचं नाव आपल्याला येईल त्याचे आपण पंधरा दिवस देवदूत. त्याच्यासाठी रोज प्रार्थना करायची, ज्याची जशी असेल तशी, आणि गुपचूप त्याचं काहीतरी चांगलं करायचं. वस्तू द्यायची नाही, कष्ट द्यायचे. आणि शेवटच्या कार्यक्रमापर्यंत नाव फोडायचं नाही. उजव्या हाताने केलेलं डाव्याला कळू नये, हा नियम सिस्टर लुर्डिना फार कडक पाळतात. त्या आमच्या आत्ताच्या मुख्याध्यापिका.

आजवर टोपलीत मुलांची आणि शिक्षकांची नावं असायची. यंदा सिस्टर म्हणाल्या, मावशींचं आणि वॉचमन नवनाथचंही घाला. चांगली गोष्ट. फक्त चिठ्ठ्या उचलल्या शुक्रवारी, पाच डिसेंबरला, आणि पाच-सहा डिसेंबरला साळूबाईंची रजा दर वर्षी ठरलेली. त्या बाबासाहेबांना वंदन करायला चैत्यभूमीला जातात. सोमवारी त्या आल्या तेव्हा मला वाटलं सिस्टरांनी सांगितलं असेल. सिस्टरांना वाटलं मी सांगितलं असेल. नवनाथला काही वाटतच नाही. थोडक्यात, आपल्या नावाची चिठ्ठी कोणाकडे तरी आहे, हे, हा खेळ मुलांचा आणि टीचरांचा असंच समजणाऱ्या त्या बाईला कोणीच सांगितलं नाही.

ती चिठ्ठी माझ्याच वर्गातल्या कशिशला आली होती. तिचे वडील जमीलभाई शाळेची रिक्षा चालवतात. त्यांना नंतर दोन फेऱ्या करायच्या असतात म्हणून लेकीला साडेसहालाच गेटवर सोडतात. साळूबाई पावणेसातला येऊन आधी ऑफिस आणि सिस्टरांकडचा व्हरांडा आवरतात, मग वर्गांकडे वळतात. म्हणजे कशिशला रोज अर्धा तास रान मोकळं. तिने मला कानात विचारलं, "टीचर, मावशींना सगळ्यात जास्त काय आवडतं?" मी म्हटलं, "फळ्यावर तारीख घालायला." मला म्हणायचं होतं की ते सोडून दुसरं काहीतरी कर. पोरीने ते 'हेच कर' असं घेतलं.

मंगळवारी साळूबाई दुसरीच्या वर्गात गेल्या आणि दारातच थांबल्या. फळा पुसलेला, बाकं सरळ, आणि कोपऱ्यात तारीख. तिसरीत तेच. माझ्या वर्गातही तेच. मी आले तर त्या फळ्यापुढे उभ्या.

"टीचर, माझ्या आधी कोण येतं?"

"कोणी नाही," मी म्हटलं. नियम म्हणजे नियम.

"मग हे काय भुतानं लिहिलं?"

मला हसू आलं. साळूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की माझं हसू घशातच अडकलं.

बुधवारी पाण्याच्या टाकीजवळची घाण साफ. गुरुवारी पायपुसणी झटकून वाळत घातलेली. साळूबाई दर वेळी थोड्या अधिक गप्प. शुक्रवारी मला जिन्याखाली बोलावून म्हणाल्या, "ती लिहिणारी सालातला पाच माझ्यासारखा काढाया शिकतीय. शेपटी बघा. उद्या मी नसले तर कोणाला फरक कळू नये म्हणून." खरं तर कशिशने मावशींना बरं वाटावं म्हणून त्यांचंच वळण गिरवलं होतं. मला ते माहीत होतं, आणि मी तोंड शिवून बसले.

त्यांच्या मनात संशय बसला तो रोशनीवर. ही ऑफिसात फॉर्म भरायला दोन महिन्यांसाठी आलेली मुलगी. मी म्हटलं, "मावशी, बी.कॉम. झालेली पोरगी तुमचा झाडू कशाला घेईल?" त्या म्हणाल्या, "टीचर, आजकाल एम.ए. झालेली पोरं शिपायाच्या भरतीला रांग लावत्यात. तुम्ही पेपर वाचत नाय का?" त्यांनी रोशनीपुढे कागद ठेवला आणि म्हणाल्या, आजची तारीख लिहून द्या. तिने बिचारीने इंग्रजी आकड्यांत लिहून दिली. "मुद्दाम बदललं," साळूबाई म्हणाल्या, आणि तो कागद घडी करून कमरेला लावला.

दुसऱ्या आठवड्यात एक दिवस त्या चोर धरायला म्हणून सहालाच येऊन पाचवीच्या वर्गात दाराआड बसल्या. नेमका त्या दिवशी कशिशला ताप. कोणी आलं नाही, फळे कालचेच. साळूबाईंना वाटलं, बातमी फुटली. म्हणजे नवनाथही त्यांच्यातला. नवनाथ आपला 'मला काय म्हाईत' म्हणून दात काढत होता, कारण त्याला खेळ माहीत होता. त्याने दात काढले की साळूबाईंच्या मनातली पाल आणखी चुकचुकायची.

मग त्यांचं रोशनीशी कडाक्याचं वाजलं. "गोड बोलून माझ्या पोटावर पाय देतीस," असं त्या ऑफिसात सगळ्यांदेखत म्हणाल्या. रोशनी रडत सिस्टरांकडे गेली. सिस्टर लुर्डिना वसईच्या, मनाने लोण्यासारख्या, पण बोलताना पुढचामागचा विचार नाही. त्यांनी साळूबाईंना बसवून प्रेमाने सांगितलं, "मावशी, किती वर्षं एकट्या करताय. आता थोडं दुसऱ्यांनाही करू द्या."

झालं. कँटीनच्या सुपरवायझरनेही सुरुवात अशीच मदतीच्या नावाने केली होती.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर साळूबाई माझ्या वर्गात आल्या. मुलं गेली होती. मी वह्या तपासत होते. त्या बाकावर टेकल्या नाहीत, उभ्याच राहिल्या.

"टीचर, तुम्ही खोटं बोलायच्या नाय. माझ्या जागी कोणाला आणताय?"

आवाजात भांडण नव्हतं. तेव्हाच मला कळायला हवं होतं. त्यांच्या घरी म्हातारी सासू, सगळा संसार या नोकरीवर, हे मला माहीत होतं. पण कार्यक्रमाला चारच दिवस उरले होते. इतके दिवस गुपित राखलं, आता कशाला फोडू? कशिश घरी बसून रंगीत कागदाचं कार्ड करत होती, त्यावर 'मी तुमची देवदूत' असं लिहीत होती. ते सगळं आठवून मला हसू आलं. आणि हसत हसतच मी म्हटलं, "मावशी, नाताळपर्यंत थांबा. मग सगळं कळेलच तुम्हाला."

त्यांनी कमरेचा पदर नीट खोचला. मग "बरं," म्हणाल्या आणि गेल्या. मला वाटलं, समजल्या.

तेवीस तारखेला हॉलमध्ये कार्यक्रम. बाळयेशूची गव्हाणी मांडलेली, पालक आलेले, पोरं एकेक करून आपल्या देवदूताचं नाव ऐकून खिदळत होती. कशिशची पाळी आली. ती कार्ड घेऊन पुढे आली, माइकमध्ये म्हणाली, "मी साळूबाई मावशींची देवदूत होते," आणि हॉलभर बघत राहिली. टाळ्या पडल्या, मग थांबल्या. पुढे कोणी आलंच नाही. मी नवनाथकडे पाहिलं. तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "त्यांनी काल किल्ल्यांचा जुडगा माझ्याकडं दिला, टीचर. म्हणल्या, सिस्टरांना द्या, मी आता येनार नाय. मला वाटलं सुट्टी लागली म्हणून म्हणत्यात."

कशिश अजून तिथेच कार्ड धरून उभी होती, आणि समोर तिचे आईवडील.

कार्यक्रम संपल्यावर जमीलभाईंच्या रिक्षातून आम्ही निघालो, मी आणि कशिश. अंबडच्या अलीकडे, बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत साळूबाईंची खोली. त्या दारातच तांदूळ निवडत बसल्या होत्या. आम्हाला बघून उठल्या, पण आत या म्हणाल्या नाहीत.

मी एका दमात सगळं सांगितलं. टोपली, चिठ्ठी, शुक्रवार, गुपित, पाचाची शेपटी. कोणालाही आणलेलं नाही, तुमची जागा तुमचीच आहे, सिस्टरांनी किल्ल्या माझ्याकडे देऊन पाठवलंय. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मी थांबल्यावर कशिशला विचारलं, "तारीख तू घालायचीस?"

तिने मान हलवली.

"आन् यात तुला काय मिळालं?"

"काही नाही, मावशी. खेळच तसाय."

साळूबाई माझ्याकडे वळल्या. "मी काल कंपनीत जाऊन आले, टीचर. ठेकेदाराकडं. एक तारखेपासून ये म्हणला. हाकलायच्या आधी आपणच उठावं, म्हणलं." मग म्हणाल्या, "एकोणीस वर्षं मी त्या शाळेत पाणी भरलं. एक बादली कोणी माझ्या हातातून घेतली नाय. जलमात एकदाच घेतली होती, त्या कँटीनवालीनं. मग हे चांगलं हाय, हे मला कशावरून कळावं?"

अकरा वर्षांत मी त्यांच्या हातून घेतलेली एखादी बादली आठवायला लागले आणि एकही आठवली नाही. डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याचीही लाज वाटली.

"येता ना, मावशी?" एवढंच विचारलं.

त्यांनी किल्ल्यांना हात लावला नाही. "हिचं समजलं. हिला चिठ्ठी आलती, म्हणून हिनं केलं. तुमच्या चिठ्ठीत तर माझं नाव नव्हतं ना? मग तुम्ही कशाला आला?"

तुमच्यावर माया आहे, असं म्हणणार होते. पण मला त्यांची ती परत आलेली साडी आठवली आणि ते मी राहू दिलं. मग खरं होतं ते म्हटलं. "चूक माझी होती म्हणून. तुम्हाला सांगायला हवं होतं, मी सांगितलं नाही. तुम्ही विचारलंत तेव्हा तर हसले."

साळूबाईंनी माझा चेहरा नीट बघून घेतला. नोट उजेडात धरून बघावी तसा.

"हां," त्या म्हणाल्या. "हे पटतंय." आणि किल्ल्यांसाठी हात पुढे केला.