स्वयंपाकघराजवळचं नॉर्वे

समुद्राची खडान्‌खडा माहिती आणि पायाला समुद्राचा एक थेंब न लागलेला असा माणूस अख्ख्या गंगाखेडात एकच, आणि तो माझ्या बायकोचा धाकटा भाऊ आहे. भूगोलाचे मास्तर पुष्कळ असतात. पण शाळेतला भूगोल घरी आणून त्यात बायकोपोरीला राहायला लावणारा हाच. त्याच्या घरी स्वयंपाकघर म्हणजे विषुववृत्त. बैठकीतल्या कूलरसमोरची खुर्ची म्हणजे पेरू देशाचा किनारा, आणि ती जावयाचा मान म्हणून माझी. एकदा बराच वेळ वाट पाहून मी चहाचा विषय काढला, तर शांतपणे म्हणाला, "थंड प्रवाहाच्या किनाऱ्याला पाऊस कमीच पडतो, दाजी. धीर धरा."

लग्नाच्या पंगतीत तर त्याला वरणाच्या पातेल्यापासून लांब ठेवावं लागतं. वारा पाणी ढकलतो, पृथ्वी फिरते म्हणून ते वळतं, उत्तरेला गार झालेलं खारट पाणी जड होऊन तळाशी जातं आणि त्याच्या जागी दक्षिणेचं गरम पाणी ओढलं जातं, हे सगळं तो पळीनं दाखवतो. तोवर पंगतीतला भात कोरडाच राहतो.

विषुववृत्ताची ऊब दारातून जिथं पोचते, तो मागच्या खोलीतला कोपरा म्हणजे नॉर्वे. थंडीत आमच्याकडे बादलीत हात घालवत नाही, पण त्याची एकुलती एक लेक त्या कोपऱ्यात स्वेटरशिवाय अभ्यास करायची. तो अभ्यास असा फळाला आला की पोरगी पुढच्या शिक्षणाला खऱ्याच नॉर्वेला निघाली. नकाशात ते ठिकाण बघून तिच्या आईनं डोळ्याला पदर लावला. पोरगी बर्फात गोठंल, एवढंच ती म्हणत राहिली. यानं मग जन्मभराची विद्या पणाला लावली. गरम प्रवाह थेट तिथवर जातो, त्याच्यावरून येणारा वारा किनारा उबदार ठेवतो, भर हिवाळ्यातही बंदर गोठत नाही, हे त्यानं इतकं पटवलं की बायको रडायची थांबली आणि लाडू वळायला बसली.

आणि नेमकी तेव्हाच पेपरात बातमी आली. बर्फ वितळून समुद्रात गोडं पाणी मिसळतंय, त्यामुळं तो प्रवाह पुढं मंदावेल, अशी. झालं. बायकोची समजूत काढणारा स्वतःच गारठला. परभणी स्टेशनवर त्यानं पोरीच्या सामानात गुपचूप तिसरी गोधडी कोंबली. गरम प्रवाह आहे ना तिथं, असं मी चिडवलं.

"हाय की," तो म्हणाला. "पण एकट्या त्याच्या भरवशावर पोरगी कशी सोडावी, दाजी?"

आता पोरीचा फोन आला की बाकीचे बाप जेवलीस का विचारतात, हा बंदर मोकळं आहे का विचारतो. तीही गुणाची, मोकळं आहे, बाबा, असं सांगून मगच पुढचं बोलते.

परवा ऐन उन्हाळ्यात गेलो, तर बैठकीत कूलर एकटाच फिरत होता आणि हा घामाघूम होऊन नॉर्वेत बसलेला. इथं वारा लागत नाही, म्हटलं.

"असू द्या. इथं बसलं की पोरगी जवळ वाटायलीय."

मी बैठकीत परत गेलो. पेरूच्या किनाऱ्यावरची माझी खुर्ची उचलली आणि त्याच्या शेजारी नेऊन ठेवली. त्या दिवशी चहा मात्र लगेच आला.