अपोफिलाईटचा पापुद्रा

मी पूर्वी शिकवायचो त्या कॉलेजच्या भूशास्त्र विभागातल्या काचेच्या कपाटात काल अपोफिलाईट या खनिजाचा जुना नमुना पाहिला. त्याचा एक पातळ पापुद्रा सुटून शेजारी पडला होता आणि खाली माझ्याच अक्षरातलं कार्ड होतं: 'जाळीची रचना'.

सिलिकेट खनिजांचा मूळ घटक एकच, सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन. ऑलिव्हीनमध्ये तो सुटा राहतो, काही खनिजांत साखळी धरतो, अभ्रकात थर होतो, क्वार्ट्झमध्ये चहूबाजूंनी जाळी विणतो. कोण शेजाऱ्यांशी कसा बांधला गेलाय, यावरून वर्ग ठरतो. मी मात्र अपोफिलाईटचा वर्ग त्याच्या सोबतीवरून ठरवला. आपल्या काळ्या दगडात तो झिओलाईट या जाळीच्या खनिजांबरोबर सापडतो, म्हणून त्यांच्याच जाळीत बसवला.

कित्येक वर्षांपूर्वी तोंडी परीक्षेत माझी विद्यार्थिनी सुमन म्हणाली होती, "सर, याचे पापुद्रे निघतात. हा थरांत जायला हवा." बाहेरचे परीक्षक शेजारीच बसले होते. तिचं बरोबर आहे हे मला त्याच क्षणी कळलं, आणि तरीही मी तिला नापास केलं. ती पुन्हा परीक्षेला आली नाही.

"कार्ड बदलून टाकतो, सर," विभागप्रमुख म्हणाला. तोही माझाच विद्यार्थी. "तुम्ही कशाला त्रास घेता या वयात?"

"कपाट उघड."

मी जुनं कार्ड काढलं. नव्या कार्डावर लिहिलं: 'थरांची रचना. सुमन जाधव हिने हे तोंडी परीक्षेत बरोबर सांगितलं होतं. कळूनही मी तिला नापास केलं.' खाली सही केली.

त्याने ते दोनदा वाचलं. "सर, मुलं वाचतील हे."

"पुढच्या फळीवर ठेव," मी म्हणालो.