नागव्वाची लांबची वाट

आमच्या शुक्रवार पेठेत नागव्वाइतकी पायपीट कुणी केली नसेल, आणि त्या पायपिटीवर माझ्याइतकं नाक कुणी मुरडलं नसेल. मी नगरपालिकेच्या शाळेत मास्तरीण. मी घराबाहेर पडायला आणि या बायका विड्यांच्या टोपल्या घेऊन रस्ता अडवायला एकच गाठ. बरं, नुसत्या चालतील तर शपथ! गात चालायच्या. मला मेली लाज वाटायची.

नागव्वा विधवा, विड्या वळून पोट भरणारी. काल वळलेल्या विड्या किल्ल्यापलीकडच्या कारखान्यात पोचवायच्या आणि तंबाखू-पानं घेऊन परतायचं, हा तिचा आणि गल्लीतल्या सहा-सात जणींचा नेम. प्रत्येकीच्या दारात घोळका थांबायचा. ती आपल्या घरच्या सुखदुःखाची एक ओळ द्यायची, आणि नागव्वा चालता चालता तिला दुसरी जोडायची. दिलेल्या ओळीवर कुणी सल्ला द्यायचा नाही, सगळ्यांनी मिळून म्हणायची फक्त. त्यांच्यातल्या इमामबीच्या नवऱ्याचा मोडलेला टांगासुद्धा असाच गाण्यात गेला होता.

चंद्रव्वाची ओळ मात्र रोज एकच. तिचा लेक मडिवाळप्पा भिवंडीला यंत्रमागावर कामाला गेला, त्याला दोन वर्षं झाली होती. "न्हाय आलं बाई, भिवंडीचं पत्तर." नागव्वा रोज नवं काहीतरी जोडायची. एकदा पोस्टमनची सायकल पंक्चर झाली, एकदा दौत सांडली, एकदा कार्ड आणायला निघालेला लेक वाटेत तमाशाला बसला. चंद्रव्वा हसायची आणि तेवढ्यावर तिचा दिवस निघायचा.

शहात्तर साली कारखान्याने आमच्या गल्लीच्या तोंडालाच शाखा काढली. तीस पावलांत काम. बायका खूश, रस्ता मोकळा झाला म्हणून मीही खूश. नागव्वा उंबऱ्यावर बसून गायला बघायची, पण तिला ओळच सुचेना.

"पाय हलल्याबिगर डोस्कं हलत न्हाय माजं," म्हणायची.

चंद्रव्वा तर बोलेनाशीच झाली. पोस्टमन गल्लीत शिरला की दार लोटून घ्यायची.

पंधरा दिवस गेले. मग एका सकाळी नागव्वाने टोपली उचलली, चंद्रव्वाला हाक मारली आणि शाखेकडे पाठ करून चालू लागली. किल्ल्याला वळसा घालून, तळ्याच्या काठाने, तासाभराने दोघी शाखेत हजर. विड्या मोजून घेणारा मुनशी हसायला लागला, "नागव्वा, शाखा हितं हाय की!"

"ठावं हाय की. मी कुटं हरवले?"

आठवड्याभरात बाकीच्याही तिच्यामागून निघाल्या.

श्रावणात एकदा चंद्रव्वा माझ्या दारात आली. हातात पोस्टाचं पाकीट. मी ते फोडायला गेले तर तिने माझा हात धरला. "आदी फेरी हू द्या, बाई. बरं असंल, वाईट असंल, चालून येऊ, मग वाचा."

शाळेला उशीर होणार होता. तरी त्यांच्याबरोबर फेरीला गेले. पाकीट माझ्या हातात होतं आणि मला त्याची भीती वाटत होती.

तळ्याच्या वळणावर चंद्रव्वाने ओळ दिली, "आज आलं बाई, भिवंडीचं पत्तर." सगळ्या नागव्वाकडे बघू लागल्या. नागव्वा थांबली. न आलेल्या पत्राला जोडायला तिच्याकडे रोज काहीतरी असायचं, आलेल्याला काय जोडावं ते तिला कळेना.

"वाचा, बाई," चंद्रव्वाच म्हणाली. "आता दम न्हाय."

मडिवाळप्पाचा हात मागात सापडला होता. आता बरा होता, पण पत्र दुसऱ्याकडून लिहवून घेतलं होतं. दिवाळीला येणार होता. शेवटी लिहिलं होतं, 'आई, तुम्ही सगळ्या कारखान्याला अजून चालत जाता का? नागव्वा मावशीच्या गाण्यात माझं नाव येतं का?'

चंद्रव्वा रडू लागली. मलाही राहवलं नाही. नागव्वाने पदराने तोंड पुसलं.

"जवाब लिहा, बाई," ती म्हणाली. "नाव रोज येतंय म्हणावं. मदले पंधरा दिस सोडून."