रेडिएटरमधलं गरम पाणी

आधीच सांगते, भूत-बीत मी मानत नाही. आम्ही विहारात जाणारी माणसं. आमच्या जीपला कधी लिंबू-मिरचीसुद्धा बांधली नाही. "ब्रेक पाह्य आधी, लिंबू कायले?" असं माझे मिस्टर म्हणायचे. म्हणून हे जरा चाचरतच लिहिते...

आमचं गाव हिवरा आश्रमाजवळ. मिस्टर मेहकर रस्त्यावर प्रवासी जीप चालवायचे. मागच्या दिवाळीआधी चालवता चालवताच छातीत कळ आली. कशीबशी गाडी बाजूला घेतली, दगडावर टेकवली. आतली माणसं वाचली, रेडिएटर फुटला, आणि हे गेले. मला रडू आलं नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. जेवले की नाही, तेही आठवायचं नाही.

थंडीत सुनीलनं, माझ्या एकुलत्या एकानं, तीच जीप चालवायची ठरवली. मी नकोच म्हणत होते — एक माणूस त्या गाडीत गेला, आता दुसरा कशाला? ऐकेना. भंगारातून जुना रेडिएटर घेऊन आला. त्याची टाकी पितळेची, पण पार काळी पडलेली. मी चिंच कोळून घासायला बसले.

"आई, पाहुण्याचा तांब्या हाय का तो?"

"गप बे. पितळ हाय, चिंचेनंच निघते."

जाळीतली माती ब्रशनं काढली. खालच्या तोंडाला चिंधीचा बोळा लावून, गळतं का ते बघायला पाणी भरलं. सकाळची वेळ, कडुनिंबाची सावली, पाणी तर बोटं आखडतील असं गार. बोळा काढला... आणि वाफ आली. सुनीलनं हात झटकला.

"अय माय, भाजलं!"

पुन्हा भरलं. पुन्हा तेच! आत्ताच घाट चढून आल्यासारखं. पोरगा पांढराफटक.

"आई, वापस देतो हे. गाडीच नको आपल्याले."

हेच तर मला हवं होतं ना? पण भीतीसुद्धा वाटेना. माझंच तोंड म्हणालं, "आता काऊन घाबरून राह्यला? तुह्या बापानं काय सांगतलं होतं? तापलेल्यात पाणी ओतायचं नाही. थांबायचं."

बसलो दोघं त्याच्याशेजारी. कोणी दुरून आलेलं माणूस दम खात टेकलंय, त्याच्याजवळ बसावं तसे. दुपारी पुन्हा पाणी भरून सोडलं. गार.

"लाव आता," म्हटलं.

मेकॅनिकला विचारलं, तो हसला. चिंचेनं पितळ तापतं का, म्हणून शाळेतल्या सरांना विचारलं. ते म्हणाले, "इतकं नाही हो मावशी." मग काय होतं ते? मला आजही माहीत नाही. आणि नको नको म्हणणारी मी "लाव" कशी म्हणाले, तेही माहीत नाही.

पहिल्या फेरीला मी पुढं बसले. मेहकरला गाडी थांबली. उतरले, बॉनेटवर हात ठेवला. चालून आलेल्या गाडीचं असतं तसंच तापलेलं होतं, वेगळं काही नाही.

"आई, हात काढ. पोळंन."

"पोळू दे," म्हटलं. "पोळते ते कळून राह्यलं मले, लय दिवसानं."