अस्तरावरचा करकोचा

कापड हातात आलं की मामा आधी ते उलटं करायचे. "तोंड नको, पाठ दाव," म्हणायचे. आणि पाठ बघून बहुतेक वेळा कापड माझ्याकडे भिरकावायचे. "शी! टिकल्या गोंदानं चिकटवल्यात की गं. शेंबूड बरा!"

मी कामाला होते त्या कोल्हापुरातल्या बुटीकच्या मागच्या खोलीत ते रफू करत; सगळेच त्यांना मामा म्हणत. असा एखादा रफूवाला तुम्हीही पाहिला असेल. नाक कापडाला टेकवून बसलेला. मी उचगावची, घरातली पहिली पदवीधर, तीही वस्त्रकलेची. मामांना त्याचं काही नव्हतं. "कॉलेजात सुई देत्यात, का नुसताच कागद?"

एकदा जयसिंगपूरच्या बाईंनी जुनं जपानी रेशमी जाकीट आणलं. तिकडे किमोनोवर घालतात तसलं. त्यांच्या वडिलांनी आणलेलं. खांद्यावर फाटलं होतं आणि मुलीच्या साखरपुड्यात त्यांना तेच घालायचं होतं. बाहेरून काळं, त्यावर बारीक बांधणी. मामांनी ते उलटं केलं आणि भिरकावलं नाही, मांडीवर पसरलं. आत अस्तरावर हातानं रंगवलेला करकोचा होता, पंखांवर सोनेरी जर.

"बघ पोरी. जर कापडातनं ओढलेली न्हाय. वर निजवलीया, बारीक दोऱ्यानं धरलीया. सोन्याला टोचायचं नसतंय." मग त्यांनी माझं बोट बांधणीच्या उंचवट्यांवरून फिरवलं. "ह्यो एकेक दाणा कुणीतरी दोऱ्यानं आवळलाय."

दहा दिवस ते जाकिटाच्याच शिवणीतून धागे काढून खांदा विणत होते. एकदाही "शी" म्हणाले नाहीत.

बाई न्यायला येणार त्या दुपारी मामा जेवायला गेले होते. मला कापड चुरगळल्यासारखं वाटलं. मी वाफेची इस्त्री फिरवली. दाणे सपाट झाले.

मामा आले. बांधणीवर हात फिरवला, मग गरम इस्त्रीला बोट लावून बघितलं.

"कुणी केलं हे?" बाई आल्या आणि जाकीट बघताच त्यांचा आवाज चढला. मालकीण लगेच गोड आवाजात म्हणाली, "आमचे मामा थकलेत हो. दिसत न्हाई त्यांना आता."

मामांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली सांडलेल्या टाचण्या वेचत राहिले. एकही टाचणी सांडली नव्हती.

त्यांनी सुयांची डबी खिशात टाकली. "येतो, पोरी," म्हणाले. पुन्हा आले नाहीत. मालकिणीची मला किळस आली, असं मी बरेच दिवस सगळ्यांना सांगत होते.

त्यांच्या जागेवर आता गोंदाचा डबा आहे. टिकल्या मीच चिकटवते. एखादी गिऱ्हाईक बाई कापड उलटं करायला लागली, की मी घाईनं तिचा हात धरते. "राहू दे हो ताई, आतलं कोण बघतंय?"

आणि जेवताना बोटांना गोंदाचा वास येतो.